उकाडा, दमटपणा आणि वारा: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मार्च लागला की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. जूनमध्ये थोडे बदलतात आणि ऑक्टोबरात परत सुरू होतात. काही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. तिथं उत्तर दोनदा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कुठूनही वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

१. मोबाईलवर तापमान ३४ आणि खाली ‘३८ सारखं वाटतंय’. यातलं खरं कुठलं?

दोन्ही खरी. पण दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टीचे आहेत. ३४ हे हवेचं तापमान. ते सावलीत, जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापीवर मोजतात. ३८ हा आकडा कुठल्याच उपकरणावर दिसत नाही, तो गणितानं काढतात. एवढ्या दमट हवेत माणसाच्या अंगाला जितका त्रास होतो, तितकाच त्रास बेताच्या दमटपणात किती तापमानाला झाला असता, हे तो सांगतो. ३४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता या जोडीचा हिशेब ३८ च्या आसपास येतो.

या हिशेबाला उष्णता निर्देशांक म्हणतात. रॉबर्ट स्टेडमन यांनी १९७९ मध्ये तो मांडला आणि पुढं अमेरिकेच्या हवामान खात्यानं त्याचं सोपं सूत्र केलं. आपल्याकडं भारतीय हवामान विभागानं २०२३ पासून प्रायोगिक तत्त्वावर असा निर्देशांक द्यायला सुरुवात केली.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हा निर्देशांक सावलीतल्या आणि मंद वाऱ्यातल्या माणसासाठी आहे. बिंदू चौकात भर उन्हात सिग्नलला थांबलेल्या माणसाला तो लागू नाही. थेट उन्हात हाच आकडा आणखी आठ अंशांपर्यंत वर जाऊ शकतो.

२. दमट हवेत जास्त का उकडतं? तापमान तर तेवढंच असतं की.

अंग थंड ठेवण्याचं मुख्य काम घाम करतो, आणि तेही नुसतं येऊन नव्हे, सुकून. नुसतं बसून राहिलं तरी शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करत असतं आणि ती कुठंतरी बाहेर टाकावी लागते. हवा गार असेल तर ती अशीच निघून जाते. हवेचं तापमान त्वचेच्या तापमानाजवळ, म्हणजे ३३ ते ३५ अंशांजवळ आलं की ती वाट बंद होते आणि सगळी भिस्त घामावर येते. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण सुकला तर तो ५८० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता घेऊन जातो.

हवेत आधीच बाष्प भरपूर असेल तर घाम सुकायचा वेग मंदावतो. मग तो टपकतो, बनियन भिजवतो, डोळ्यांत उतरतो. टपकलेला घाम शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, गारवा काहीच देत नाही. म्हणून ‘किती डिग्री आहे?’ याच्याआधी ‘घाम सुकतोय का?’ हे बघा. पुढची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

३. सकाळी आर्द्रता ९० टक्के आणि दुपारी ४५. मधल्या वेळात ओलावा जातो कुठं?

कुठंच जात नाही. टक्केवारीमुळं ही फसगत होते. हवेत सध्या असलेलं बाष्प हे त्या तापमानाला जास्तीत जास्त मावू शकणाऱ्या बाष्पाच्या किती टक्के आहे, एवढंच ती सांगते. आणि तापमान वाढलं की ही कमाल मर्यादा झपाट्यानं वाढते. २० अंशांना एका घनमीटर हवेत जेमतेम १७ ग्रॅम बाष्प मावतं, ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम.

ऑक्टोबरातली एखादी सकाळ घ्या. २१ अंश तापमान, ९० टक्के आर्द्रता, रंकाळ्यावर धुकट. तीच हवा दुपारी ३२ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ४७ टक्क्यांवर येते. बाष्पाचा एक थेंबही कमी झालेला नसतो. म्हणून ‘सकाळी आर्द्रता ९० होती, तरी बरं वाटत होतं’ यात नवल काही नाही. २१ अंशांना घाम येतोच कशाला?

४. मग टक्के बघायचे नाहीत तर काय बघायचं?

दवबिंदू. हवा किती अंशांपर्यंत थंड केली की दव धरायला लागेल, तो हा आकडा. हवेत बाष्प जितकं जास्त तितका दवबिंदू वर, आणि दिवसभरात टक्केवारीसारख्या उड्या तो मारत नाही. हवामानाच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये तपशिलात खाली कुठंतरी तो दिलेला असतो.

ढोबळ अंदाज असा: दवबिंदू १५ च्या खाली असेल तर हवा कोरडी आणि सुखाची. १५ ते २० मध्ये चालून जातं. २० च्या वर अंग चिकचिकायला लागतं आणि २४ च्या वर गेला की पंख्याखालीही चैन पडत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दुपारी कोल्हापुरात दवबिंदू बराच खाली असतो. मेअखेरीस पश्चिमेचा ओलसर वारा जोर धरतो तसा तो २० च्या पुढं सरकतो. पारा तेवढाच, किंबहुना दोन अंशांनी उतरलेला, तरी लोक म्हणतात यंदा लई उकडतंय. बरोबरच म्हणतात.

५. सोलापूरला ४० असतं आणि रत्नागिरीला ३२. तरी रत्नागिरीचे पाहुणे म्हणतात आमच्याकडं जास्त त्रास. हे कसं?

हिशेब करून बघू. सोलापूरच्या कोरड्या दुपारचे ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता घेतली तर उष्णता निर्देशांक ३९ च्या जवळ येतो, म्हणजे पाऱ्यापेक्षा किंचित कमीच. रत्नागिरीचे ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली तर तो ४० येतो. आठ अंशांचा फरक दमटपणानं खाऊन टाकला. पाहुणे खोटं बोलत नाहीत.

कोल्हापूर या दोघांच्या मध्ये बसतं, नकाशावरही आणि हवेतही. घाटमाथा पश्चिमेला जवळ, त्यामुळं कोकणातला ओलावा उन्हाळ्यात संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर वर येतो. पूर्वेला शिरोळच्या पुढं मुलूख कोरडा होत जातो. एकाच दिवशी गगनबावडा, शहर आणि जयसिंगपूर इथली हवा तीन तऱ्हेची असू शकते, म्हणून ‘जिल्ह्याचं तापमान’ अशा बातमीवर मी फारसा विसंबत नाही.

सोलापूरची कोरडी उष्णता निरुपद्रवी असते असं मात्र समजू नका. तिथं घाम इतका पटकन सुकतो की आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही. पाणी कमी पडतं ते तिथंच.

६. वारा हवा थंड करतो का? पंखा लावला की खोलीचं तापमान उतरतं का?

नाही. बंद खोलीत पंखा चालू ठेवून बाहेर गेलात तर त्याच्या मोटरच्या उष्णतेनं खोली किंचित तापलेलीच सापडेल. पंखा माणसासाठी आहे, खोलीसाठी नव्हे.

आपल्या अंगालगत उबदार, ओलसर हवेचा एक पातळ थर चिकटून असतो. हवा पडलेली असली की तो तसाच राहतो आणि न दिसणारी वाकळ पांघरल्यासारखं होतं. वारा तो थर उडवून लावतो. त्याच्या जागी बाहेरची त्यामानानं गार आणि कोरडी हवा येते, उष्णता निघून जाते आणि घामही सुकतो. रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी झुळूक सुटते तेव्हा पारा अर्ध्या अंशानंही हललेला नसतो, पण जिवाला थंड वाटतं ते यामुळं.

पहिल्या थोड्याशा वाऱ्याचा फायदा सगळ्यात मोठा असतो. हवा अगदी पडलेली असताना पंखा एकवर लावला तर जो फरक पडतो, तो चारवरून पाचवर नेल्यानं पडत नाही.

७. पण मे महिन्यात गाडीवर तोंडावर झळा बसतात. तेव्हा वारा थंड का करत नाही?

वरच्या उत्तरात ‘त्यामानानं गार हवा’ म्हटलंय, तिथंच मेख आहे. हवा त्वचेपेक्षा गरम झाली, म्हणजे पारा ३५ च्या पुढं गेला, की वारा अंगातून उष्णता काढण्याऐवजी अंगात घालायला लागतो. त्याच वेळी तो घाम सुकवतही असतो. या दोन्हीत कोण जिंकतं, यावर सगळं ठरतं. भरपूर घाम येत असेल आणि हवा कोरडी असेल तर ३७-३८ अंशांनाही वारा उपयोगी पडतो. अंग कोरडं असेल, वय झालेलं असेल आणि घाम कमी येत असेल, तर तोच वारा तापवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की ४० अंशांच्या वर नुसत्या पंख्याच्या भरवशावर राहू नये.

गाडीवर यात डांबराची आणि पुढच्या ट्रकच्या इंजिनाची उष्णता मिळते. म्हणून पुणे-बंगळूर हायवेला दुपारी जाणारे लोक डोकं, कान आणि तोंड सुती कापडानं गुंडाळतात ते शहाणपणाचं आहे. कापड ओलं करून पिळून बांधलं तर आणखी चांगलं, पण कोरड्या दिवसांतच (का, ते प्रश्न ११ मध्ये).

८. वळिवाच्या आधी जीव नकोसा होतो. आणि पाऊस पडून गेल्यावर कधी मस्त गार, कधी आधीपेक्षा जास्त उकाडा. असं का?

वळिवाआधी तीन गोष्टी एकत्र येतात. दुपारभर जमीन तापलेली असते, ढग तयार होण्याइतकं बाष्प आलेलं असतं, आणि वारा पडतो. झाडाचा पाला हलत नाही. प्रश्न २ आणि ६ मधल्या दोन्ही वाटा एकदम बंद झाल्या, की गदमदणार नाही तर काय.

मग अचानक धूळ उडवत गार वारा येतो. तो कोकणातून वगैरे आलेला नसतो. ढगातून पडणाऱ्या पावसाचा काही भाग खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकतो. त्यानं ती हवा थंड होते, जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते. पाऊस शिरोलीला पडत असेल तर वारा शाहूपुरीत आधी पोचतो. पारा काही मिनिटांत पाच-दहा अंशांनी उतरू शकतो. या वाऱ्यातच पत्रे उडतात आणि झाडाच्या फांद्या पडतात, तेव्हा गारवा अंगावर घ्यायला झाडाखाली उभं राहू नका.

नंतरचा अनुभव पावसाच्या वेळेवर आणि प्रमाणावर ठरतो. संध्याकाळी दणकून पडला की रात्र छान जाते. दुपारी तीनला नुसता शिडकावा झाला आणि पुन्हा ऊन पडलं तर तापलेल्या फरशीवरून आणि डांबरावरून सगळं पाणी वाफ होऊन हवेत येतं. चार शिंतोड्यांचा पाऊस काहीच न पडण्यापेक्षा वाईट, हे जुनी माणसं म्हणतात त्यात तथ्य आहे.

९. जुलैत आर्द्रता ९५ टक्के असते. मग तेव्हा का उकडत नाही?

कारण तापमानच २५-२६ च्या वर फारसं जात नाही. ढग ऊन अडवतात आणि पश्चिमेचा वारा दिवसरात्र चालू असतो. २६ अंशांना शरीराची उष्णता घामाच्या मदतीशिवाय निघून जाते, मग हवा दमट असली तरी बिघडत नाही. उष्णता निर्देशांकाचा हिशेबही साधारण २७ अंशांच्या पुढंच करतात.

सुकायला अडचण मात्र असतेच. फक्त ती अंगावरून दोरीवर जाते. शाळेचा गणवेश तीन दिवस दोरीवर लोंबकळून शेवटी इस्त्रीनंच वाळवायचा, हे ९५ टक्के आर्द्रतेचं खरं रूप.

पावसाला चार दिवस खंड पडला, ऊन निघालं आणि वारा पडला, की हाच जुलै ऑक्टोबरासारखा वागतो.

१०. ऑक्टोबरात पारा मेपेक्षा कमी असतो, तरी ऑक्टोबर हीट म्हणून एवढी ओरड का?

पाऊस नुकताच परतलेला. जमीन ओली, पंचगंगा भरलेली, शिवारात ऊस उभा. आकाश निरभ्र झालेलं, म्हणजे ऊन थेट. आणि पावसाळी वारा गेलेला, हिवाळी वारा अजून यायचा. तापमान बेताचं असलं तरी दमटपणा, ऊन आणि पडलेली हवा हे तिन्ही एकत्र येतात. मेमध्ये निदान संध्याकाळी वारा सुटतो.

११. कूलर एप्रिलमध्ये झकास चालतो आणि जूनमध्ये नुसता वास मारतो. बिघडला का?

बिघडलेला नाही. कूलर हे घामाचंच यंत्र आहे. ओल्या जाळीतून हवा ओढायची, पाणी सुकताना हवेतली उष्णता घेतं, गार हवा बाहेर. हवा किती गार होऊ शकते याला एक तळ असतो, त्याला ओल्या फडक्याचं तापमान म्हणू (शास्त्रात आर्द्रकंद तापमान). ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला हा तळ २१ च्या आसपास असतो. चांगला कूलर २५-२६ पर्यंत हवा देतो. जूनमध्ये ३० अंश आणि ८० टक्क्यांना तळच २७ वर असतो. मोटर कितीही फिरवा, दोन-तीन अंशांपलीकडं काही मिळत नाही. उलट खोलीतला दमटपणा वाढतो आणि आधीपेक्षा जास्त चिकचिक होते.

एप्रिलमध्येसुद्धा कूलर खिडकीत, बाहेरची हवा घेईल असा ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत तीच तीच हवा फिरवली तर तासाभरात एप्रिलचा जून होतो. माठाचंही असंच आहे. पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही, म्हणून माठवाल्याला बोल लावू नये.

१२. उसात शिरलं की बाहेरपेक्षा एवढं का गुदमरतं?

पुरुषभर वाढलेल्या उसात वारा शिरत नाही. पानं पाणी हवेत सोडत असतात, खाली पाट दिलेला असेल तर जमीनही ओली. बांधावर उभं राहिलं तर शेंडे डुलताना दिसतात आणि दहा पावलं आत गेलं की पाचट खडखडताना ऐकू येतं, पण तोंडावर वारा नाही. वर पानाची कूस लागू नये म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला फडकं, म्हणजे उरलेला घामही कापडात अडकतो. तापमापी आत-बाहेर दोन अंशांचाही फरक दाखवणार नाही, पण भांगलणारी बाई अर्ध्या तासात दमते. आतलं काम सकाळी लवकर उरकावं आणि दर सरीच्या शेवटी बांधावर येऊन वारं खावं. गड्यांनी हे आधीपासूनच ठरवून ठेवलेलं असतं, घाई बहुधा मालकाला असते.

१३. भट्टीवर, फाउंड्रीत किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्यांनी कुठला आकडा बघावा?

मोबाईलवरचा कुठलाच नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वितळलेलं लोखंड १४०० अंशांच्या आसपास असतं. त्याची धग हवेमधून न येता किरणांच्या रूपानं थेट अंगावर येते, जशी उन्हाची येते. गुऱ्हाळात काहिलीजवळच्या गुळव्याचं दुखणं दुहेरी: चुलवणाची धग, आणि उकळत्या रसाची वाफ.

अशा जागांसाठी वेगळा निर्देशांक आहे. अमेरिकी नौदलाच्या मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणात उन्हानं माणसं कोसळायची, तेव्हा १९५० च्या दशकात तो तयार झाला. उघड्यावर त्यात ओल्या फडक्याच्या तापमानाला ७० टक्के वजन असतं, धग मोजणाऱ्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला २० टक्के आणि साध्या पाऱ्याला फक्त १० टक्के. पाऱ्याची किंमत एवढीच, हे त्यातून कळतं.

इचलकरंजीच्या मागांची गोष्ट निराळी. सुती धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून कित्येक शेडमध्ये मुद्दाम दमटपणा ठेवतात. सुताला जे हवं तेच माणसाला नको. तिथं निदान कामगाराच्या उंचीवर वारा खेळता ठेवणं एवढंच हातात असतं. छताजवळच्या पंख्यानं माणसाचं काही भागत नाही.

१४. थंडीत उलटं होतं का? वारा असला की पारा आहे त्यापेक्षा खाली वाटतो ना?

हो. अंगालगतचा उबदार थर वाऱ्यानं उडून जातो, थंडीत तोच तर आपल्याला हवा असतो. याचं पहिलं मोजमाप पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल यांनी अंटार्क्टिकात केलं. प्लॅस्टिकच्या नळकांड्यातलं पाणी वाऱ्यात किती वेळात गोठतं ते ते बघत. आज वापरात असलेलं सूत्र अमेरिका आणि कॅनडानं २००१ मध्ये आणलं. उणे १० अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर ते उणे २० सारखं वाटतं, असं ते सांगतं.

आता आपलं. हे सूत्र १० अंश आणि त्याखालीच लागू होतं. कोल्हापुरात किमान तापमान बहुतेक हिवाळ्यात त्याच्या वरच असतं, त्यामुळं ‘आज कोल्हापुरात विंड चिल इतका’ असे आकडे फिरतात त्यांना अर्थ नाही. वारा झोंबत नाही असं नव्हे. पहाटे १४ अंशांत ताशी ६० नं पन्हाळ्याला निघालात तर वारा तुम्हीच तयार करताय. बोटं बधिर होतात आणि ब्रेक दाबायला उशीर होतो, म्हणून हातमोजे घाला. स्वेटरवरून वारा न शिरणारं एक पातळ जॅकेट हे दुसऱ्या स्वेटरपेक्षा जास्त कामाचं.

१५. हिवाळ्यात पन्हाळ्यावर जास्त थंडी की नदीकाठी?

दिवसा पन्हाळ्यावर. गड शहरापेक्षा सुमारे चारशे मीटरनं उंच आहे आणि वारा जास्त.

पहाटेचं मात्र सांगता येत नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि जड होऊन उताराची वाट धरते आणि सखल भागात साचते. अशा पहाटे प्रयाग चिखलीकडं, नदीकाठच्या मळ्यात पारा गडापेक्षाही खाली असू शकतो. तरी गडावर वारा असेल तर तिथला माणूसच जास्त कुडकुडेल. तापमान एकाचं कमी, थंडी दुसऱ्याला जास्त.

१६. गाडीचं इंजिन किंवा टाकीतलं पाणी वाऱ्यानं हवेपेक्षाही थंड होतं का?

कोरडी वस्तू होत नाही. वारा तिला हवेच्या तापमानापर्यंत लवकर आणतो, त्याखाली नेत नाही. काहिलीतून वाफ्यात ओतलेला गूळ वाऱ्याच्या दिवशी लवकर निवतो, पण निवून जाऊन जाऊन हवेइतकाच होतो. वस्तू ओली असेल तर नियम बदलतो. मग ती ओल्या फडक्याच्या तापमानापर्यंत उतरू शकते (प्रश्न ११). म्हणूनच शेतात पाण्याच्या बाटलीला ओलं गोणपाट गुंडाळून ती झाडाला, वाऱ्यात टांगतात.

१७. पावसाळ्यातली थंडी हाडात शिरते, हे खरं की मनाचे खेळ?

दमट हवेचा स्वतःचा परिणाम थंडीत अगदी किरकोळ असतो. खरा दोष ओल्या कपड्यांचा. कोरड्या कापडात अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. तिच्या जागी पाणी आलं की उष्णता वेगानं बाहेर जाते, कारण पाणी हवेच्या साधारण पंचवीसपट उष्णता वाहून नेतं. त्यात वारा. राधानगरीला भिजून गाडीवर परत येताना २३ अंशांतही दात वाजतात ते यामुळं. डिकीत एक कोरडा शर्ट असू द्या.

१८. पळायला किंवा तालमीत कधी जावं? सकाळी तर आर्द्रता सगळ्यात जास्त असते.

तरीही सकाळीच. टक्के जास्त असले तरी तापमान कमी आणि ऊन नाही, याचा फायदा मोठा (प्रश्न ३). तालमीत दारं-खिडक्या बंद ठेवून जोर-बैठका काढल्यानं ‘घाम जास्त निघतो’ म्हणणारे अजून आहेत. घाम जास्त निघतो, पण सुकत नाही. कमी होतं ते पाण्याचं वजन, आणि तांब्याभर पाणी प्यायलं की ते परत येतं. मे महिन्यात नव्या पोरांना पहिला आठवडा निम्मंच काम द्यावं. शरीराला उन्हाळ्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, आणि हे वस्तादांना सांगायला लागू नये.

१९. दोन अ‍ॅप दोन वेगळी ‘वाटणारी’ तापमानं दाखवतात. कुणावर विश्वास ठेवायचा?

सूत्रं वेगळी असतात. कुणी नुसती आर्द्रता धरतं, कुणी वारा आणि ऊनही धरतं, कॅनडाचा स्वतःचा वेगळा निर्देशांक आहे. त्यातच मूळ आकडे तुमच्या गल्लीतले नसतात. वारा मोजतात तो दहा मीटर उंचीवर, मोकळ्यावर, आणि तुम्ही असता मंगळवार पेठेच्या बोळात. एकच अ‍ॅप धरून ठेवा आणि कालच्यापेक्षा आज किती फरक आहे ते बघा. दोन अ‍ॅपची भांडणं लावण्यात काही हशील नाही.

२०. नक्की किती झालं की धोका समजायचा?

सरकारी निकष आधी. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, किनारपट्टीला ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश झालं, आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं, की उष्णतेची लाट धरतात. किनाऱ्याची रेघ तीन अंश खाली आहे ती दमटपणामुळंच.

शरीराची मर्यादा ओल्या फडक्याच्या तापमानात सांगतात. ते ३५ अंश झालं तर सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांपलीकडं तग धरू शकत नाही, असं २०१० मध्ये मांडलं गेलं. २०२२ मध्ये अमेरिकेत तरुण, निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगांत दमट हवेत ही रेघ ३१ च्या आसपासच निघाली. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, हृदयाचे आणि मधुमेहाचे रुग्ण यांची रेघ त्याहून खाली.

आकड्यापेक्षा माणूस बघा. चक्कर, गोळे येणं, मळमळ, डोकेदुखी असेल तर सावलीत न्या, मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक द्या. माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात समजा. घाम येतोय की नाही यावर अडून राहू नका, दमट हवेत उष्माघातातही घाम असू शकतो. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा. शुद्ध हरपलेल्याला तोंडानं काही पाजू नका.

२१. दमट हवा जड असते म्हणून जीव कोंदटतो का?

हवा उलट हलकी होते. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका आहे, त्यामुळं तेवढ्याच तापमानाची आणि दाबाची दमट हवा कोरडीपेक्षा थोडी हलकी भरते. जड वाटतो तो आपला देह.

२२. हे ओल्या फडक्याचं तापमान घरी मोजता येईल का?

येतं, आणि स्वस्तात. सारख्याच बनावटीच्या दोन साध्या काचेच्या तापमापी घ्या, ताप मोजायच्या नकोत. आधी दोन्ही शेजारी ठेवून एकच आकडा दाखवतात का बघा. मग एकीच्या फुग्याला स्वच्छ, खळ काढलेल्या मलमलीची वात गुंडाळा आणि वातीचं दुसरं टोक छोट्या बाटलीतल्या पाण्यात सोडा. पाणी उकळून गार केलेलं घ्या, नाहीतर बोअरच्या पाण्यानं वात महिन्यात कडक होते. दोन्ही सावलीत टांगा, भिंतीला चिकटवू नका, आणि वाचण्याआधी दोन-तीन मिनिटं पुठ्ठ्यानं वारा घाला.

कोरडी ४० आणि ओली २३ दाखवत असेल तर घाम सुकतोय, कूलर चालेल, पाणी मात्र पीत राहा. कोरडी ३२ आणि ओली २७-२८ असेल तर कूलर बंद करून खिडक्या उघडा आणि पंख्याखाली बसा. ओली ३० च्या जवळ सरकली तर कष्टाचं काम थांबवा, मग कोरडी काहीही दाखवू दे. आणि दोन्ही सारखंच दाखवत असतील तर एक तर बाहेर धुकं आहे, नाहीतर बाटलीतलं पाणी संपलंय.